चवथीचे तळण अंगणात : गॅसची भट्टी निवडताना आणि वापरताना

चवथीच्या आधीचे दोन-तीन दिवस गोव्यातील मोठ्या घरांत तळणाचे असतात. नोकरीधंद्यानिमित्त बाहेर असलेली मंडळी मूळ घरी उतरतात आणि नेवऱ्यांचा हिशेब शेकड्यांत होऊ लागतो. पूर्वी यासाठी परसात चूल मांडून तिच्यावर काहील चढवली जाई. आता स्वयंपाकघरातील दोन बर्नरच्या शेगडीवर हे काम उरकू पाहिले की दुपार सरून रात्र होते आणि तेलाच्या वाफेने घर कोंदून जाते. त्यामुळे अंगणात किंवा पडवीत गॅसची मोठी भट्टी मांडण्याकडे कल वाढतो. सोय खरी आहे; मात्र पाच लिटर उकळते तेल, उघडी ज्वाला, भरलेला सिलिंडर, भोवती धावणारी मुले आणि भाद्रपदातला पाऊस या सगळ्यांना एकाच जागी आणण्याचा हा प्रकार आहे, याचे भान खरेदीच्या वेळीच असावे.

अमेरिकेत प्रोपेनवर चालणारा फ्रायर ही अशीच अंगणातली वस्तू आहे. थँक्सगिव्हिंगच्या सणाला त्यात अख्खा टर्की तळतात. अग्निसुरक्षेचे काम करणारी तेथील एनएफपीए ही संस्था असे फ्रायर घरी वापरूच नयेत असे सांगते. तेल उतू जाऊन ज्वालेवर पडणे, तिवई कलंडणे आणि तेल प्रमाणाबाहेर तापणे ही त्यामागची कारणे आहेत. नेवरी म्हणजे टर्की नव्हे, हे मान्य; पण तिन्ही धोके आपल्या अंगणातही तसेच उभे असतात.

आपल्याकडील एलपीजी हे प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण असते. दोन्ही वायू हवेपेक्षा जड. प्रोपेन सुमारे दीडपट, ब्युटेन सुमारे दुप्पट. गळती झाली तर गॅस वर उडून न जाता जमिनीलगत पसरतो, खड्ड्यात, गटारात, पायरीखालच्या कोपऱ्यात साचून राहतो. त्यामुळे ‘उघड्यावर आहे, काही होत नाही’ हा दिलासा अर्धाच खरा.

आता भट्टी केवढी घ्यावी? पाच लिटर तेल ३० अंशांवरून १८० अंशांपर्यंत तापवायला सुमारे दीड हजार किलोज्यूल उष्णता लागते. घरच्या शेगडीचा मध्यम बर्नर ताशी साधारण दीडशे ग्रॅम गॅस जाळतो. त्यावर हे तेल तापायला वीस मिनिटांहून अधिक वेळ जातो. ताशी अर्धा किलो गॅस घेणारी भट्टी तेच काम नऊ-दहा मिनिटांत करते. पण खरा फरक पहिल्या तापवण्यात नसून प्रत्येक घाण्यानंतर पडतो. गार नेवऱ्या तेलात सोडल्या की तापमान झटकन उतरते. आच कमी पडली तर ते वर यायला वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात पारी तेल पिते. मोठ्या भट्टीचे काम तेल सतत रसरसवत ठेवणे हे नसून, उतरलेले तापमान लवकर सावरणे हे आहे. घरगुती प्रमाणासाठी, म्हणजे चार-पाच लिटर तेलासाठी, ताशी अर्धा किलोच्या आसपासची भट्टी पुष्कळ झाली. लग्नाच्या आचाऱ्याकडची घोंघावणारी भट्टी घरी आणण्यात शहाणपण नाही.

बाजारात दोन जाती मिळतात, कमी दाबाच्या आणि उच्च दाबाच्या. घरगुती १४.२ किलोच्या सिलिंडरबरोबर मिळणारा रेग्युलेटर कमी दाबाचा असतो. उच्च दाबाची भट्टी त्यावर लावली तर ज्वाला मंद, पिवळट आणि काजळी धरणारी येते. मग दुकानदार दुसरा रेग्युलेटर सुचवतो आणि घरगुती सिलिंडरवर नको ते प्रयोग सुरू होतात. माझे मत स्पष्ट आहे : घरासाठी कमी दाबाची, रुंद बर्नरची भट्टी घ्यावी. उच्च दाबाचीच हवी असेल तर १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर, त्याला योग्य रेग्युलेटर आणि नळी हे सारे अधिकृत वितरकाकडून घ्यावे, जोडणीही त्याच्याकडूनच करून घ्यावी.

टाकी, जाळीचा झारा आणि थर्मोस्टॅट असलेले गॅसचे फ्रायरही मिळतात. थर्मोस्टॅट ही त्यांची मोठी जमेची बाजू. वडे, कटलेट, बटाट्याच्या सळ्या यांसाठी ते उत्तम. नेवऱ्यांना मात्र पसरट कढई लागते; खोल, अरुंद टाकीत त्या एकमेकींवर आपटून फुटतात आणि सारण तेलात उतरते. विजेच्या फ्रायरला १६ अँपिअरचा सॉकेट लागतो, आणि चवथीच्या दिवसांत पावसापाण्यात वीज कधी जाईल याचा नेम नसतो.

भट्टी विकत घेताना तिचे पाय पाहावेत. चार पाय, बैठक रुंद, उंची गुडघ्याच्या वर नाही. उंच तिवईवरची भट्टी उभ्याने तळायला सोयीची वाटते. पण धक्का लागला की तिच्यावरचे तेल थेट छातीवर येते. गोल बुडाच्या कढईसाठी वर घट्ट कडे हवे, नाहीतर सपाट बुडाची जाड कढई घ्यावी. जाड लोखंडी कढई तापायला वेळ घेते, पण उष्णता धरून ठेवते. कल्हई गेलेले तांब्या-पितळेचे भांडे तळणाला नको. तांब्याच्या संपर्काने तेल लवकर खवट होते. कढई निम्मीच भरावी. तापताना तेल दहा-बारा टक्क्यांनी फुगते आणि ओला घाणा पडला की फेस वर चढतो.

नळी सुरक्षा प्रकारची, तारेचे अस्तर असलेली घ्यावी. पाच वर्षांनी ती बदलावी. दोन नळ्या जोडून लांबी वाढवू नये. नळीची पूर्ण लांबी वापरून सिलिंडर भट्टीपासून शक्य तितका दूर, उभा ठेवावा. गॅस कमी येतो म्हणून सिलिंडर आडवा करणे किंवा त्यावर गरम पाणी ओतणे हा जुना आणि जीवघेणा खाक्या आहे. आडव्या सिलिंडरमधून द्रव गॅस नळीत येतो आणि वाफ होताना तो सुमारे अडीचशे पट फुगतो. सिलिंडरच्या कड्याखालील पट्टीवर चाचणीची मुदत लिहिलेली असते : ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि पुढे वर्षाचे दोन अंक. मुदत उलटलेला सिलिंडर घेऊ नये. जोडणीनंतर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का पाहावे. काडी ओढून पाहू नये.

यानंतर पाऊस. उकळत्या तेलात पाण्याचा थेंब बुडाशी जाऊन एकदम वाफ होतो आणि त्याचे आकारमान सुमारे सतराशे पट वाढते. आमच्या घरी एका चवथीला अंगणात ताडपत्री बांधून तळण मांडले होते. ताडपत्रीच्या झोळात साचलेले पाणी कुणीतरी काठीने ढोसून खाली लोटले. ते कढईत पडले नाही, दोन हात पलीकडे पडले. तरी उडालेले शिंतोडे तेलात जाऊन जो चर्रकन फवारा उठला, त्याने काकीच्या हातावर आजही डाग आहेत. तेव्हापासून तळण ताडपत्रीखाली नाही. पक्के छप्पर आणि तीन बाजू उघड्या अशी पडवी असेल तर उत्तम. तीही नसेल तर पावसाची उघडीप पाहावी. बंद गॅरेज, मांगर किंवा खिडक्या लावलेला सज्जा या जागा चालणार नाहीत. जमीन सपाट हवी. शेणाने सारवलेल्या ओल्या अंगणात पाय रुतत असतील तर चार चिरे पक्के बसवून त्यांवर भट्टी ठेवावी. भोवती पाच-सहा हातांची मोकळी जागा ठेवून तिथे मुलांना फिरकू देऊ नये. लोंबते पदर, ओले झारे, हात पुसायचे ओले पंचे हेही त्या रेषेच्या बाहेर.

तेलाचे तापमान अंदाजाने ओळखणारी माणसे घरात असतात आणि त्यांचा अंदाज बहुधा बरोबरही असतो. पण मोठ्या भट्टीवर तो चुकतो, कारण आच अनोळखी असते. तळणाचा थर्मामीटर घेण्यात कमीपणा नाही. नेवऱ्यांना १५० ते १६० अंश, चकलीला १६० ते १७०, पुरीला १८० ते १९० हे साधारण प्रमाण धरावे. नेवरी कडक तेलात सोडली तर पारीवर फोड येतात, रंग चढतो आणि कडा आतून कच्ची राहते. घाण्याच्या खोबरेल तेलात तळणाऱ्यांनी अधिक सावध असावे : ते १७५ अंशांच्या आसपासच धूर सोडू लागते, म्हणजे चकलीनंतर हाताशी फारसे अंतर उरत नाही. शुद्ध केलेले शेंगदाणा किंवा सूर्यफूल तेल २२० अंशांच्या पुढेपर्यंत तग धरते. रिकामे तेल मोठ्या आचेवर मिनिटाला दहा-पंधरा अंशांनी चढते. ‘पुढच्या नेवऱ्या घेऊन येते’ म्हणून पाच मिनिटे पाठ फिरवली तर तेवढ्यात तेल धुरावते. सुमारे ३५० अंशांच्या पुढे ते ठिणगीवाचून पेट घेते. उठायचे असेल तर आधी गॅस बंद करावा.

तेल पेटलेच तर पाणी मुळीच ओतू नये. गॅस बंद करावा, कढईवर पुरेसे मोठे धातूचे झाकण बाजूने सरकवत बसवावे आणि तेल पूर्ण निवेपर्यंत ते उचलू नये. हे झाकण तळण सुरू करण्यापूर्वीच शेजारी ठेवलेले असावे. आग लागल्यावर ते शोधायला वेळ नसतो. कोरड्या पावडरचे अग्निशामक ज्वाला दडपते, पण तेल तापलेलेच राहिल्याने ते पुन्हा पेटू शकते. पेटती कढई उचलून बाहेर नेण्याचे धाडस करू नये. गॅसगळतीसाठी १९०६, अग्निशामक दलासाठी १०१ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक लक्षात असावेत. भाजल्यास वीस मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली हात धरावा. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद यांपैकी काही लावू नये. चेहरा भाजला असेल किंवा जखम तळहाताहून मोठी असेल तर थेट इस्पितळ गाठावे.

तळण संपल्यावर कढई तशीच राहू द्यावी. पाच लिटर तेल निवायला काही तास लागतात. गरम कढई हलवताना होणारे अपघात सर्वांत वाईट, कारण त्या वेळी माणूस दमलेला असतो. निवलेले तेल मलमलच्या फडक्यातून गाळून, हवाबंद करून अंधारात ठेवावे आणि लवकर संपवावे. नैवेद्याच्या तळणाला नवे तेलच घ्यावे. मासळी तळलेल्या तेलाचा आणि कढईचा प्रश्न तर उद्भवूच नये. वारंवार तापवलेल्या तेलात ध्रुवीय संयुगे वाढतात. एफएसएसएआयने त्यांची मर्यादा २५ टक्के ठरवली असून हा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. घरी त्याची मोजणी शक्य नाही, पण तेल काळपट, दाट झाले, फेस धरू लागले किंवा कमी आचेवर धूर देऊ लागले की ते संपले असे समजावे. असे तेल मोरीत किंवा विहिरीजवळ ओतू नये. त्यापासून बायोडिझेल करण्यासाठी त्याच वर्षी ‘रुको’ ही योजना सुरू झाली. जवळपास संकलनाची सोय असेल तिथे ते द्यावे, नसेल तर लाकडाच्या भुशात जिरवून कचऱ्यात टाकावे.