तांबट आळीचा ठोका

पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी मला नेहमी डोळ्यांआधी कानांना सापडते. पेशवाईत कोकणातून आलेले त्वष्टा कासार इथे स्थिरावले. हंडे, घागरी, बंब त्यांनीच घडवले. तापवून मऊ केलेल्या तांब्यावर हातोडीचे ओळीने ठोके पडतात, त्याला मठारकाम म्हणतात. त्याने भांडे चकाकते, आणि पत्राही कडक होतो. त्यात अन्न शिजवायचे तर कथील, नवसागर घेऊन कल्हईवाला येई. तो पुष्कळदा मुसलमान असे. एका भांड्याला असे दोन घरांचे हात लागत. स्टील, प्लॅस्टिकने दोघांचेही काम घटवले. मंडळी, आळीत जा, कारागिराला विचारून ती हातोडी एकदा उचलून पाहा. मग किमतीची घासाघीस करताना जीभ अडखळेल.