एकलहरे : गाव आणि वसाहत

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी समाजातील कर्तबगार पुरुषांचे व स्त्रियांचे परिचय प्रसिद्ध होतात. क्वचित एखाद्या देवस्थानाची किंवा क्षेत्राची माहितीही येते. यंदा आम्ही ज्ञातिबांधवांपुढे एका अशा ठिकाणाचा वृत्तांत ठेवीत आहोत, की ज्याच्या नावावर क्षेत्रमाहात्म्य नाही, किल्ला नाही की लढाई नाही. तथापि गेल्या पन्नासांहून अधिक वर्षांत या ठिकाणाने महाराष्ट्रातील असंख्य घरांत दिवा लावला आहे, आणि आपल्या समाजातीलही कित्येक कुटुंबांची उमेदीची वर्षे तेथे गेली आहेत. ते ठिकाण म्हणजे नाशिक तालुक्यातील एकलहरे. या नावाची गावे पुणे व अहिल्यानगर जिल्ह्यांतही आहेत. प्रस्तुत लेखाचा विषय गोदातीरावरील एकलहरे हा आहे, हे आरंभीच सांगितलेले बरे.

नाशिकरोड स्थानकापासून पूर्वेकडे थोड्याच मैलांवर, सामनगाव, हिंगणवेढे या गावांच्या शेजारी हे गाव वसलेले आहे. भोवतालची जमीन काळी व कसदार, उशाला गोदावरी आणि जवळूनच मुंबईहून भुसावळकडे जाणारा लोहमार्ग. थळ घाटातील लोहमार्ग १८६५ साली खुला झाला आणि नाशिकचा मुंबईशी अखंड संबंध जुळला. पुढे नाशिकरोडला १९२५ च्या सुमारास सरकारी मुद्रणालय आले आणि १९२८ साली नोटांचा छापखाना सुरू झाला. एवढे होऊनही एकलहऱ्याचे जीवन शेतीवरच चाललेले होते. सूर्य उगवला की औत, मावळला की कंदील, हाच तेथील दिनक्रम होता.

हे चित्र पालटले ते विजेच्या गरजेने. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी अस्तित्वात आले आणि त्याच वर्षी जूनच्या २० तारखेस महाराष्ट्र राज्य वीज मंडळाची स्थापना झाली. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ निघाले, १९६४ साली ओझर येथे विमानांच्या कारखान्याचा पाया पडला, सातपूरची औद्योगिक वसाहत आकारास आली. या सर्वांस वीज हवी होती. कोयनेचे पाणी विजेसाठी उपलब्ध झाले होते खरे. परंतु ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाने, एकाच खोऱ्यावर सारी भिस्त ठेवणे किती जोखमीचे असते, ते सर्वांच्या प्रत्ययास आणून दिले. कोळशावर चालणारे केंद्र उभारावयाचे तर बाष्पासाठी व शीतकरणासाठी बारमाही पाणी लागते, कोळसा आणण्यास लोहमार्ग लागतो आणि राख टाकण्यास विस्तीर्ण जागा लागते. एकलहऱ्यास या तिन्ही गोष्टी एकत्र मिळाल्या. गोदावरीवर बंधारा झाला, कोळशाच्या वाघिणी येऊ लागल्या, आणि १९७० साली १४० मेगावॅटचा पहिला व १९७१ साली तितक्याच शक्तीचा दुसरा संच सुरू झाला. पुढे १९७९, १९८० व १९८१ या तीन वर्षांत प्रत्येकी २१० मेगावॅटचे आणखी तीन संच उभे राहिले. अशा रीतीने केंद्राची मूळ क्षमता ९१० मेगावॅट झाली आणि एकलहऱ्याची धुराडी दूरवरून वाटसरूंना दिसू लागली.

येथे एका गोष्टीचा विचार करणे अगत्याचे आहे. या कार्यासाठी जमिनी कोणाच्या गेल्या? अर्थात एकलहरे व आसपासच्या गावांतील शेतकऱ्यांच्या. सार्वजनिक कामासाठी जमीन घेण्याचा त्या वेळचा कायदा १८९४ सालचा, म्हणजे इंग्रजी अमदानीतला. त्यात रोख मोबदल्याची तरतूद होती. मोबदला संपल्यावर कुणब्याने काय करावे याचा विचार त्यात नव्हता. प्रकल्पामुळे उठणाऱ्या लोकांच्या पुनर्वसनासाठी महाराष्ट्राने स्वतंत्र कायदा केला तो १९७६ साली. एकलहऱ्याचे पहिले दोन संच त्यापूर्वी पाच-सहा वर्षे चालू होते. म्हणजे ज्या कायद्याने पुढच्या धरणग्रस्तांस व प्रकल्पग्रस्तांस काही आधार दिला, तो या गावाच्या पहिल्या पिढीस फार उशिरा आला. पुढे प्रकल्पग्रस्तांच्या मुलांना नोकरी मिळावी ही मागणी येथे पुनःपुन्हा होत राहिली, तिचे मूळ या उशिरात आहे. नोकरीच्या या मागणीस कोणी याचना म्हणत असेल, तर त्याने हा कालक्रम ध्यानात घ्यावा.

केंद्राबरोबर वसाहत आली. अभियंते, यंत्रचालक, जोडारी, कारकून, लेखापाल, सुरक्षारक्षक असे नाना हुद्द्यांचे लोक राज्याच्या कानाकोपऱ्यांतून येथे राहावयास आले. चाळी, बैठी घरे, मजली इमारती, शाळा, दवाखाना, क्रीडांगण, दुकाने असा सारा संसार थोड्या वर्षांत उभा राहिला. जुन्या गावात आळ्या व वस्त्या जातीजातींच्या असत. कोणाचे घर वेशीच्या आत व कोणाचे बाहेर, हे जन्माने ठरत असे. वसाहतीत घर मिळे ते हुद्द्याप्रमाणे व वेतनश्रेणीप्रमाणे. एका भिंतीच्या अलीकडे एक ज्ञाती व पलीकडे दुसरी, एकाच नळावर सर्वांच्या घागरी, एकाच जिन्यावर सर्वांची मुले. ज्या नाशकात २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू करावा लागला, त्याच नाशिकच्या कुशीत चाळीस वर्षांनी अशी वसाहत निघावी, ही इतिहासाच्या अभ्यासकाने नोंद घेण्याजोगी घटना आहे. ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत हे लिहिताना आम्हांस संकोच वाटत नाही. उलट, आपले बांधव त्या नव्या शेजारात नांदले, सणासुदीस ताटांची देवघेव करीत राहिले, हे आम्ही भूषणच मानतो. मात्र सत्य सांगावयाचे तर तेथेही एक उतरंड होतीच. ती जातीची नसून पगाराची होती. साहेबांच्या बंगल्याच्या फाटकाशी कामगाराचे पोर सहसा घुटमळत नसे.

आम्ही आयुष्यभर नाशिकरोडच्या परिसरात अध्यापन केले. शाळेचे जनरल रजिस्टर हा फार मोलाचा ऐतिहासिक दस्तऐवज असतो, असे आमचे मत आहे. त्यातील 'जन्मस्थान' व 'पूर्वीची शाळा' हे दोन रकाने वाचीत गेले की एकलहऱ्याची सारी कथा उलगडते. गावातील मुलांपुढे तीच ती जवळची पाचसहा गावे. वसाहतीतील मुलांपुढे मात्र कोराडी, खापरखेडा, पारस, परळी, भुसावळ, चंद्रपूर, म्हणजे जेथे जेथे वीज मंडळाचे औष्णिक केंद्र, तेथले नाव. दर जून महिन्यात बदल्यांबरोबर दाखले येत व दाखले जात. विदर्भातील मुलाची बोली ऐकून खानदेशचे मूल हसे आणि वर्ष सरता सरता दोघेही नाशिकची भाषा बोलू लागत. अशी मुले पुढे कोठेही गेली तरी 'तुमचे गाव कोणते?' या प्रश्नास अडखळतात. वडिलांचे मूळ गाव त्यांनी सुटीतच पाहिलेले असते आणि ज्या एकलहऱ्यात ती वाढली, तेथे त्यांच्या नावाचा सातबारा नसतो.

आता शासनाच्या दफ्तरांत या वस्तीचे स्थान काय आहे ते पाहू. नाशिक नगरपालिका फार जुनी, १८६४ सालची. ७ नोव्हेंबर १९८२ रोजी नाशिक, नाशिकरोड-देवळाली व सातपूर या नगरपालिका आणि भोवतालची काही गावे मिळून नाशिक महानगरपालिका निर्माण झाली. त्या हद्दीच्या बाहेर भगूरला स्वतःची नगरपालिका राहिली. देवळालीच्या छावणीस स्वतंत्र कटक मंडळ राहिले. एकलहऱ्याचा कारभार मात्र ग्रामपंचायतीकडेच राहिला. तिन्ही ठिकाणे एकाच नगराच्या छायेतील. कायदे मात्र तिघांना तीन. ग्रामपंचायतीचा कायदा १९५८ चा. तो शेतीच्या गावांकरिता केलेला. त्यात पंचायतीच्या हद्दीतील कारखान्याने करांऐवजी एकठोक रक्कम द्यावी अशीही सोय आहे. परंतु अशा रकमेवर पंचायतीचा संसार चालू लागला, की कारखाना मंदावला म्हणजे गावचे दिवेही मंदावतात.

दुसरीकडे जनगणना खात्याचा हिशेब निराळा. ज्या गावाची वस्ती निदान ५,००० आहे, ज्यातील मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी निदान पंचाहत्तर टक्के शेतीबाहेरील उद्योगात आहेत, आणि ज्याची दाटी दर चौरस किलोमीटरास निदान ४०० आहे, त्यास हे खाते शहर म्हणून मोजते, मग तेथे नगरपालिका असो वा नसो. अशा ठिकाणांस 'जनगणना शहर' असे नाव आहे. एकलहरे हे त्यांपैकी एक. नाशिकच्या नागरी समूहात ते भगूर व देवळालीबरोबर गणले गेले आहे. साऱ्या देशात २००१ साली अशी १,३६२ ठिकाणे होती. २०११ साली ती ३,८९४ झाली. दहा वर्षांत जवळजवळ तिप्पट! म्हणजे एकलहऱ्याची गोष्ट ही एकट्या एकलहऱ्याची नाही. मोजणीत शहर आणि कारभारात गाव, अशा स्थितीत लक्षावधी भारतीय राहत आहेत.

या दुहेरी स्थितीचा परिणाम काय होतो, याचे एक उदाहरण गोदावरी देते. २०११ च्या गणनेनुसार १४,८६,०५३ लोकवस्तीचे नाशिक महानगर वरच्या अंगास आहे आणि एकलहऱ्याचा बंधारा खालच्या अंगास. नगराच्या सांडपाण्याचा भार घेऊन आलेले पाणी बंधाऱ्याशी थबकते आणि त्यावर पाणवेली माजतात. नगराने आपले पाणी कसे शुद्ध करावे हे ठरविणारे सदस्य नगरातील मतदार निवडतात. ज्याच्या दारी ते पाणी येऊन थांबते, त्या एकलहरेकरास त्या निवडणुकीत मत नाही. दोष कोणा एका व्यक्तीचा नाही. हद्दीची रेषा नदीस अडवू शकत नाही, एवढाच याचा अर्थ.

आता या वस्तीच्या उतरत्या काळाकडे वळले पाहिजे. ६ जून २००५ रोजी वीज मंडळाचे विभाजन होऊन केंद्र महानिर्मिती कंपनीकडे आले. २०११ च्या सुमारास पहिले दोन संच वयोमानाने बंद झाले व क्षमता ६३० मेगावॅटवर आली. बंद संचांच्या जागी ६६० मेगावॅटचा नवा संच उभारण्याची योजना निघाली. ती वर्षानुवर्षे कागदावरच राहिली. याचे एक कारण भूगोलात आहे. नाशिकरोडहून नागपूर लोहमार्गाने सुमारे ६५० किलोमीटर. विदर्भातील खाणींचा कोळसा एवढा प्रवास करून येतो, तेव्हा त्याच्या भाड्याचा बोजा विजेच्या दरावर पडतो. जी वीज स्वस्त ती आधी घ्यावी असा आता दंडक असल्यामुळे खाणीजवळच्या केंद्रांपुढे एकलहरे मागे पडते. धूर व राख यांचा त्रास येथल्या लोकांनी भोगला आहे. तेव्हा जुनी यंत्रे सदैव चालावीत असे आम्ही म्हणणार नाही. परंतु केंद्र मंदावते तेव्हा बदलीस पात्र असलेला नोकरदार दुसऱ्या केंद्रावर जातो. कंत्राटी मजूर, राखेच्या विटा पाडणारा, वसाहतीच्या तोंडाशी दुकान थाटलेला वाणी आणि जमीन देऊन बसलेला शेतकरी यांची बदली कोठे व्हावयाची?

२०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही. पुढील जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ ठरला आहे. वसाहतीतील बिऱ्हाडे घटली असता एकलहरे त्या गणनेत शहराच्या रकान्यात टिकेल की पुन्हा गावाच्या रकान्यात जाईल, हे आकडे सांगतील. पण माणसांची कहाणी आकडे सांगणार नाहीत. महसुली दफ्तर जमीनधारकाची नोंद ठेवते, कंपनी नोकराची ठेवते, आणि निवृत्तीच्या दिवशी घराची किल्ली परत घेऊन ती नोंद बंद करते. तीस-तीस वर्षे तेथे राहिलेल्या कुटुंबाची नोंद कोठे आहे?

खेदाची गोष्ट ही, की ती आपल्याकडेही नाही. ज्ञातीच्या परिचयपुस्तिकांत 'मूळ गाव' व 'सध्याचा पत्ता' असे दोनच रकाने असतात. मूळ गाव आजोबांचे आणि सध्याचा पत्ता मुलाच्या सदनिकेचा. मधले एकलहरे, जेथे संसार झाला, मुले शिकली, वृद्धांनी डोळे मिटले, ते पुस्तिकेतून गळून पडते. म्हणून आमची मंडळाच्या कार्यकारिणीस नम्र सूचना आहे, की पुढील परिचयपुस्तिकेत 'वास्तव्य व काल' असा तिसरा रकाना घालावा. एकलहऱ्यास राहिलेल्या बांधवांनी आपल्याजवळची छायाचित्रे, नेमणुकीचे व बदलीचे आदेश, मुलांचे शाळेचे दाखले जपून ठेवावेत व आपल्या आठवणी चार पाने का होईना, लिहून काढाव्यात. त्या लिहिताना केवळ आपल्या ज्ञातीपुरते न लिहिता शेजारच्या बिऱ्हाडाविषयी आणि ज्यांच्या शेतांवर ती वसाहत उभी राहिली त्या गावकऱ्यांविषयीही लिहावे, ही विशेष विनंती. ज्यांनी प्रारंभीचे संच चालताना पाहिले, ते आज सत्तरी-पंचाहत्तरी ओलांडून गेले आहेत. हे काम पुढच्या स्मरणिकेपर्यंत लांबविण्यासारखे नाही.