मचाण

मचाण म्हणजे वन्यप्राण्यांवर नजर ठेवण्यासाठी झाडावर किंवा खांबांवर उभारलेली उंच बैठक होय. शेतराखणीचा माळा हा तिचाच एक प्रकार आहे.

शिकारीतील वापर

शिकारीसाठी कायम मचाणाबरोबरच फिरते मचाणही वापरले जात असे. दोरीने विणलेली खाट फांद्यांच्या बेचक्यात दोरखंडाने घट्ट बांधून तिला डहाळ्यांचा आडोसा केला जाई. चितळ व सांबर यांचे घ्राणेंद्रिय तीक्ष्ण असते. त्यांतही पूर्ण वाढ झालेला सांबर नर विशेष सावध असतो. त्यामुळे वाऱ्याची दिशा, पाऊलवाटा आणि मोहफुलांचा बहर पाहून मचाणाची जागा बदलणे आवश्यक ठरे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये या प्राण्यांच्या शिकारीस बंदी आहे.

गोंदिया जिल्हा

नागझिरा अभयारण्य (१९७०) व नवेगाव राष्ट्रीय उद्यान (१९७५) ही गोंदिया परिसरातील वने २०१३ मध्ये घोषित झालेल्या नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात समाविष्ट आहेत. अशा वनांत बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यालगतच्या मचाणांवरून प्राण्यांची नोंद घेण्याची प्रथा आहे. उन्हाळ्यात पाणी मोजक्याच ठिकाणी उरते व प्राणी तेथे येतात. म्हणून हे मचाण हलवावे लागत नाही. मात्र एकच प्राणी दोन पाणवठ्यांवर दिसू शकत असल्याने या नोंदींवरून नेमकी संख्या ठरत नाही. वाघांच्या गणनेसाठी आता स्वयंचलित कॅमेरे वापरले जातात. मचाणावरील रात्र ‘निसर्गानुभव’ या नावाने ओळखली जाते.