नाडीवरील बोटांपासून धमनीतील संवेदकापर्यंत : रक्तप्रवाह-मापनाचा इतिहास आणि मुंबई परिसर

प्रस्तावना

वैद्यकाचा इतिहास बहुधा रोगांचा व औषधांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. मोजमापाचा इतिहास उपेक्षित राहतो. कल्याण येथे १८६५ मध्ये जन्मलेल्या आनंदीबाई जोशी यांनी १८८६ मध्ये अमेरिकेत एम.डी. पदवी मिळविली, तेव्हा दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचे रिवा-रोची यांचे उपकरण (१८९६) यावयाचे होते. नाडीवरील बोटे व स्टेथोस्कोप हीच डॉक्टरांची मुख्य साधने होती. तेथून धमनीतील बिनतारी संवेदकापर्यंतच्या वाटचालीत मुंबई परिसराचे स्थान काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

तुर्भे आणि परळ

१९३६ मध्ये कोलिन यांनी विद्युतचुंबकीय प्रवाहमापक सिद्ध केला. परंतु त्यासाठी धमनी शस्त्रक्रियेने उघडी करावी लागे. विद्युतरोधाच्या मापनाने हा अडसर दूर केला. रक्त हे सभोवतालच्या स्नायू व चरबीपेक्षा अधिक विद्युतवाहक असते. त्वचेवरील दोन पट्ट्यांमधून अत्यल्प विद्युतप्रवाह सोडला असता, प्रत्येक ठोक्यागणिक वाढणाऱ्या रक्तामुळे विरोध किंचित घटतो; ही घट अन्य दोन पट्ट्यांवर नोंदविता येते. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रातील जी. डी. जिंदल व सहकाऱ्यांनी या तत्त्वावर उपकरणे विकसित केली. परळच्या के.ई.एम. रुग्णालयातील हृदयशल्यविशारद डॉ. जी. बी. पारुलकर यांच्या सहकार्याने त्यांचा रुग्णांवर उपयोग झाला आणि १९८०-८१ च्या सुमारास संयुक्त शोधनिबंध प्रसिद्ध झाले. अणुकेंद्रातील अभियंता व सार्वजनिक रुग्णालयातील शल्यविशारद यांचे हे सहकार्य उल्लेखनीय होय.

मुद्रित संवेदक

शरीराबाहेरील मापन क्षणिक असते. धमनी पुन्हा अरुंद होत असल्याची सूचना त्यातून सतत मिळत नाही. २०२२ मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया टेक येथील संशोधकांनी चांदीच्या सूक्ष्मकणांची शाई वापरून मऊ, ताणता येणारे संवेदक छापले आणि ते स्टेंटवर बसविले. येथे स्टेंटच अँटेनाचे कार्य करतो. दाब बदलला की संवेदकाची धारिता बदलते, त्यामुळे अनुनाद-वारंवारता सरकते व बाहेरील वेटोळे ती टिपते. बॅटरी लागत नाही. ही चाचणी सशांवर झाली.

निष्कर्ष

तपासणीसाठी कल्याण-डोंबिवलीहून लोकलने परळ गाठणाऱ्या रुग्णाला अशा साधनाचा लाभ होईल काय, हे केवळ तंत्रावर नव्हे, तर किंमत व सार्वजनिक रुग्णालयांतील उपलब्धता यांवर अवलंबून राहील. मुंबईतील प्रयोगाचे ऐतिहासिक महत्त्व येथेच आहे : उपकरण घडविणारे आणि ते रुग्णावर वापरणारे एकाच शहरात, सार्वजनिक संस्थांत कार्यरत होते. त्या कामात सहभागी झालेली पिढी आज वार्धक्यात आहे. तिच्या आठवणी, नोंदवह्या व जुनी उपकरणे जतन करणे हे ठाणे-कल्याण परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास व विज्ञान विभागांनी मिळून हाती घ्यावयाचे कार्य आहे. अन्यथा भावी अभ्यासकाला हा इतिहास केवळ परदेशी नावांचाच वाटेल.