हुलिहेए राजवाडा संग्रहालय : जतन झालेली वास्तू आणि नाहीसे झालेले घर

बीजसंज्ञा : हवाई बेटे, कैलुआ-कोना, राजवाडा-संग्रहालय, रूथ केएलिकोलानी, वारसा-जतन

हवाई द्वीपसमूहाच्या इतिहासाचा अभ्यास करताना होनोलुलू येथील बिशप संग्रहालय व इओलानी राजवाडा यांचा उल्लेख प्राधान्याने केला जातो. त्यामानाने हवाई या सर्वांत मोठ्या बेटावरील कैलुआ-कोना गावातील हुलिहेए राजवाड्याचे लहानसे संग्रहालय काहीसे उपेक्षित राहिले आहे. वस्तुतः एखादे संग्रहालय काय जतन करते आणि काय जतन करू शकत नाही, या प्रश्नाचा विचार करण्यासाठी इतके बोलके उदाहरण क्वचितच सापडते.

शनिवारवाड्याची कल्पना मनात ठेवून येणाऱ्या मराठी अभ्यासकाची येथे प्रथमदर्शनी निराशाच होईल. समुद्राला लागून उभी असलेली ही दुमजली वास्तू अवघ्या सहा प्रशस्त दालनांची आहे. बेटाचा गव्हर्नर जॉन अ‍ॅडम्स कुआकिनी याने ती १८३८ मध्ये पूर्ण करविली. कुआकिनी हा कामेहामेहा पहिला याच्या प्रभावशाली राणीचा, म्हणजे काआहुमानूचा भाऊ. त्याने अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाचे नाव धारण केले होते, यावरून त्या काळाची हवा लक्षात यावी. ज्वालामुखीचा काळा दगड, प्रवाळाचा चुना आणि कोआ व ओहिआ या स्थानिक वृक्षांचे लाकूड ही बांधकामाची सामग्री. समोरच १८३७ मध्ये पूर्ण झालेले मोकुआइकाउआ चर्च आहे. १८१९ मध्ये कामेहामेहाचा मृत्यू याच कैलुआत झाला, त्यानंतर थोड्याच महिन्यांत 'कापू' ही जुनी निषेधव्यवस्था मोडीत निघाली आणि १८२० मध्ये पहिले अमेरिकन मिशनरी येथेच येऊन पोहोचले. दोन दशकांत झालेले हे स्थित्यंतर रस्त्याच्या दोन बाजूंना दगडात उभे आहे.

संग्रहालयात प्रवेश केल्यावर कोआच्या लाकडाचे घडीव सामान, राजघराण्यातील व्यक्तींची चित्रे, रजया आणि 'काहिली' दृष्टीस पडतात. काहिली म्हणजे उंच दांड्यावर पक्ष्यांची पिसे गुंफून केलेले राजचिन्ह. आपल्याकडील चवरी-मोर्चेलाशी त्याचे साम्य सहज जाणवते. परंतु एकूण मांडणीचा तोंडवळा व्हिक्टोरियन दिवाणखान्याचा आहे. याचे श्रेय बव्हंशी राजा कालाकाउआ याला द्यावे लागते. त्याने या वास्तूच्या दगडी भिंतींना आतून-बाहेरून गिलावा करून तिला त्या काळच्या अभिरुचीनुसार नवे रूप दिले. हाच राजा १८८१ च्या जगप्रवासात कलकत्त्याला उतरून रेल्वेने मुंबईस आला होता. ऊसमळ्यांसाठी मजूर मिळविणे हाही त्या प्रवासाचा एक हेतू होता.

रूथ केएलिकोलानी आणि गवती घर

तथापि या वास्तूच्या इतिहासातील सर्वांत लक्षणीय व्यक्ती कालाकाउआ नव्हे, तर त्याच्या आधीची मालकीण राजकन्या रूथ केएलिकोलानी होय. कुआकिनीच्या मृत्यूनंतर (१८४४) वास्तू त्याचा दत्तक पुत्र लेलेइओहोकू याच्याकडे, पुढे नातवाकडे आणि अखेर लेलेइओहोकूची विधवा असलेल्या रूथकडे आली. १८५५ ते १८७४ या काळात ती हवाई बेटाची गव्हर्नर होती. इंग्रजी समजत असूनही ती केवळ हवाईयन भाषेत बोलत असे. इंग्रजी भाषकांनी दुभाषी आणावा, हा तिचा दंडक होता. तिने ख्रिस्ती धर्म स्वीकारला नाही. १८८१ मध्ये मौना लोआचा लाव्हा हिलो शहराच्या दिशेने सरकू लागला, तेव्हा तिने तेथे जाऊन पेले या ज्वालामुखीच्या देवतेला नैवेद्य अर्पण केला. त्यानंतर प्रवाह थांबला, ही आठवण बेटावर आजही सांगितली जाते.

दगडी राजवाडा मालकीचा असूनही रूथ त्यात राहत नसे. आवारातच बांधलेल्या 'हालेओलेलो' नावाच्या मोठ्या गवती घरात तिचा मुक्काम असे आणि २४ मे १८८३ रोजी तिने देहही तेथेच ठेवला. याचा अर्थ तिला आधुनिकतेचे वावडे होते असा लावणे घाईचे ठरेल. होनोलुलूमध्ये तिने नुकताच भव्य पाश्चात्त्य धर्तीचा वाडा उभारला होता. राजवैभव दाखवावे कोठे आणि राहावे कोठे, या दोन गोष्टी तिने जाणीवपूर्वक वेगळ्या ठेवल्या होत्या, असेच म्हणावे लागते. आज मात्र अभ्यागत ज्या वास्तूत फिरतो ती तिने नाकारलेली वास्तू आहे. तिने निवडलेले घर शिल्लक नाही. गवत, दोर व लाकूड यांचे ते बांधकाम नियमित शाकारणीवर जगणारे होते.

लिलाव आणि पुनर्प्राप्ती

१८९३ मध्ये राजसत्ता उलथविली गेली आणि १८९८ मध्ये अमेरिकेने बेटे ताब्यात घेतली. दरम्यान ही वास्तू कालाकाउआची विधवा राणी कापिओलानी हिच्यामार्फत तिच्या भाच्यांकडे गेली होती. १९१४ मध्ये त्यांपैकी राजपुत्र कुहिओ याच्या काळात येथील सामान लिलावात विकले गेले. सुदैवाने विक्रीच्या वेळी वस्तूंवर क्रमांक घालून खरेदीदारांची नावे नोंदविण्यात आली होती. पुढे 'डॉटर्स ऑफ हवाई' या महिला संस्थेने त्या नोंदींच्या आधारे वस्तूंचा शोध घेतला, काही परत मिळविल्या आणि १९२७ च्या सुमारास येथे संग्रहालय सुरू झाले. एका वहीतील कोरड्या नोंदींनी संग्रहालय घडविल्याचे हे उदाहरण दफ्तरखान्याचे महत्त्व जाणणाऱ्यांस विशेष भावेल.

येथे एक अंतर्विरोध दुर्लक्षून चालणार नाही. १९०३ मध्ये ही संस्था स्थापन करणाऱ्या सातही स्त्रिया अमेरिकन मिशनऱ्यांच्या कन्या होत्या. राजसत्ता उलथविणाऱ्यांत मिशनरी घराण्यांतील व्यक्तींचा ठळक सहभाग होता. ज्या समाजगटाच्या वर्चस्वामुळे जुने हवाई मागे पडले, त्याच गटातील स्त्रियांनी त्याचे अवशेष गोळा केले. त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. वास्तू आज उभी आहे ती त्यांच्यामुळेच. परंतु लिलावाच्या यादीत विकण्याजोग्या वस्तूच येतात. पलंग आणि कपाटे क्रमांकानिशी परत आली. रूथची भाषा व तिच्या गवती घरातील व्यवहार यांवर कोणी क्रमांक घातला नव्हता. १८९६ च्या कायद्याने शाळांतील शिक्षणाचे माध्यम इंग्रजी ठरविले आणि हवाईयन भाषा पिढ्यान्पिढ्या आक्रसत गेली. १९७८ मध्ये तिला राज्यभाषेचा दर्जा मिळाला.

१५ ऑक्टोबर २००६ च्या ६.७ तीव्रतेच्या भूकंपात राजवाड्याच्या भिंतींना तडे गेले. दीर्घ दुरुस्तीनंतर वास्तू पुन्हा खुली झाली. रूथचा खरा वारसा मात्र या भिंतींबाहेर शोधावा लागतो. मृत्यूसमयी तिच्याकडे सुमारे साडेतीन लाख एकर जमीन होती. ती तिने बर्निस पाउआही बिशप हिच्या नावे केली आणि पाउआहीच्या मृत्युपत्रातून १८८७ मध्ये हवाईयन मुलांसाठी कामेहामेहा शाळा सुरू झाली. त्या शाळेत सुरुवातीच्या काळात हवाईयन बोलण्यास मनाई होती. आज तेथे ती भाषा शिकविली जाते.