फ्युचुरा बोल्ड ऑब्लिक

फ्युचुरा बोल्ड ऑब्लिक हा रोमन लिपीचा ठळक, तिरपा व सेरिफविरहित टंक असून तो फ्युचुरा या जर्मन टंककुलात मोडतो. मूळ फ्युचुराचा आराखडा पॉल रेनर (१८७८–१९५६) यांनी केला आणि फ्रांकफुर्ट येथील बाउअर टाइप फाउंड्रीने तो १९२७ मध्ये विक्रीस आणला. तिरपी व अधिक ठळक रूपे नंतर टप्प्याटप्प्याने आली.

रचना

पुस्तकांतील पारंपरिक इटालिक हस्ताक्षरातून आलेले आहे; त्यात लहान ‘ए’चा आकारच बदलतो. फ्युचुराच्या तिरप्या रूपात असा बदल होत नाही. उभे अक्षर उजवीकडे कलते, एवढेच. म्हणून त्यास ‘ऑब्लिक’ म्हणतात. वर्तुळ, त्रिकोण व चौरस यांवर बेतलेल्या या टंकात हाताची वळणे विसंगतच ठरली असती. मात्र ‘ओ’ हे अक्षर यंत्रवत कलवले की त्याची रेघ एका कर्णावर जाड व दुसऱ्यावर बारीक दिसते, आणि ठळक रूपात हा दोष अधिक खुपतो. तो डोळ्यांच्या अंदाजाने दुरुस्त करावा लागतो. हलक्या वजनांतील ‘ए’ व ‘एम’ यांची अणकुचीदार टोके ठळक रूपात सपाट होतात. अक्षरांच्या पोटातील मोकळी जागा आक्रसत असल्याने सलग मजकुरास हा टंक गैरसोयीचा असून मथळ्यातच तो शोभतो. देवनागरीत इटालिकची अशी जुनी परंपरा नाही. संगणकाने अक्षरे कलवली की काने कलतात, शिरोरेखा मात्र आडवीच राहते.

वापर

जाहिरातींत रुळलेल्या या टंकाला वेगळी ओळख दिली ती अमेरिकन चित्रकर्ती बार्बरा क्रूगर (जन्म १९४५) यांनी. नियतकालिकांच्या मांडणीचे काम केलेल्या क्रूगर यांनी कृष्णधवल छायाचित्रांवर लाल पट्ट्यांत पांढरी तिरपी अक्षरे बसवून ग्राहकवादावर व स्त्रीदेहावरील सत्तेवर प्रहार केला. १९८९ मधील त्यांचे भित्तिपत्रक गर्भपाताच्या हक्कासाठी वॉशिंग्टनमध्ये निघालेल्या मोर्चासाठी होते. जाहिरातीचाच आवाज जाहिरातीविरुद्ध वापरण्याची ही युक्ती होती.

न्यू यॉर्कमध्ये १९९४ साली सुरू झालेल्या ‘सुप्रीम’ या स्केटबोर्ड व कपड्यांच्या दुकानाने लाल चौकटीतील पांढऱ्या तिरप्या फ्युचुराचे बोधचिन्ह घेतले. क्रूगर यांच्या चित्रांशी त्याचे साम्य उघड आहे. अशा रीतीने तो आवाज पुन्हा बाजारात आला. २०१३ मध्ये याच कंपनीने ‘मॅरिड टू द मॉब’ या स्त्रियांच्या कपड्यांच्या नाममुद्रेवर बोधचिन्हाच्या विडंबनावरून दावा लावला, तेव्हा क्रूगर यांनी तिची जाहीर खिल्ली उडवली. २०१७ मध्ये न्यू यॉर्कच्या ‘परफॉर्मा’ कलामहोत्सवासाठी त्यांनी आपली अक्षरे स्केटबोर्डच्या मैदानावर व मेट्रोच्या तिकीटकार्डांवर उमटवली.