ले ग्विन, अर्सुला क्रोबर

(२१ ऑक्टोबर १९२९ – २२ जानेवारी २०१८). अद्भुतकथा आणि विज्ञानकथा या दोन्ही प्रांतांत सारख्याच अधिकाराने वावरलेली अमेरिकन कादंबरीकर्त्री, टीकाकार व अनुवादक. जन्म कॅलिफोर्नियातील बर्कली येथे. वडील आल्फ्रेड क्रोबर हे अमेरिकन मानवशास्त्राच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक, आणि आई थिओडोरा हिने ‘याही’ या जमातीतील अखेरचा पुरुष म्हणून ओळखल्या गेलेल्या इशीचे चरित्र (१९६१) लिहून कीर्ती मिळवली. ज्या घरात मूळ अमेरिकन जमातींचे जाणते आणि देशोदेशीचे विद्वान यांची सदैव ये-जा होती, आणि जेथे आपल्याहून भिन्न असलेला आचारही तितकाच शहाणपणाचा असू शकतो हे जेवणाच्या पंगतीतच कळत होते, त्या घरात वाढलेल्या मुलीने पुढे स्वतःची जगे रचताना तेथील नातीगोती, अन्न, निषेध आणि न्यायनिवाडा यांची तजवीज आधी केली व राजेरजवाडे मागाहून आणले, यात नवल नाही.

रॅडक्लिफ कॉलेजातून पदवी (१९५१) आणि कोलंबिया विद्यापीठातून एम. ए. (१९५२) झाल्यावर फुलब्राइट शिष्यवृत्ती घेऊन ती फ्रान्सला निघाली. वाटेत आगबोटीवर चार्ल्स ले ग्विन या इतिहासाच्या अभ्यासकाशी परिचय होऊन त्याच वर्षी, १९५३ मध्ये, पॅरिसला दोघांचा विवाह झाला. पुढे ऑरेगनमधील पोर्टलंड येथे त्यांचे कायमचे वास्तव्य राहिले. ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ (१९६८) या द्वीपसमूहाच्या कथेने ती प्रसिद्धीस आली. या कथेचा नायक गेड ताम्रवर्णी आहे. गोऱ्या वीरांची मक्तेदारी चालत आलेल्या अद्भुतकथेच्या दरबारात ही गोष्ट लहान नव्हे. ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’ (१९६९) आणि ‘द डिस्पझेस्ड’ (१९७४) या दोन्ही कादंबऱ्यांना ह्युगो व नेब्युला हे दोन्ही सन्मान मिळाले.

परंतु प्रस्तुत नोंदीचा विषय मुख्यतः तिची वाचकवृत्ती आहे. बाराव्या वर्षी वडिलांच्या ग्रंथसंग्रहात लॉर्ड डन्सेनीचे एक पुस्तक हाती लागले आणि मोठी माणसेही अद्यापि नव्या पुराणकथा रचीत आहेत, याचा शोध लागला. विज्ञानकथांची मासिके वाचणे मध्यंतरी सुटले होते; कॉर्डवेनर स्मिथच्या एका कथेने तिला पुन्हा त्या वाटेवर आणले. ज्याच्या प्रतिभेची थोरवी तिने आयुष्यभर आग्रहाने सांगितली तो फिलिप के. डिक हा बर्कलीच्या एकाच शाळेत १९४७ साली तिच्याच बरोबर उत्तीर्ण झाला होता, पण त्या काळी तिला त्याची ओळखही नव्हती.

‘फ्रॉम एल्फलँड टु पकिप्सी’ (१९७३) हा निबंध तिच्या समीक्षेचा पाया होय. त्यात तिने त्या काळच्या एका अद्भुत कादंबरीतील सरदारांचा संवाद उचलला, त्यातील चार-दोन विशेषनामे बदलली, आणि तोच उतारा वॉशिंग्टनच्या राजकारणावरील कोणत्याही सामान्य कादंबरीत बिनबोभाट बसतो, हे दाखवून दिले. जेथे भाषा परकी होत नाही तेथे जगही परके होत नाही, आणि तलवार व घोडा आणून ठेवल्याने अद्भुत निर्माण होत नाही, हा तिचा फैसला. या कसोटीवर तिने एडिसन आणि टोल्कीन या अद्भुतकथाकारांना मान दिला. डन्सेनीचे अनुकरण नवख्यांना बुडवते, हेही तिने भीडमुर्वत न धरता बजावले. माझ्या मते ‘अर्थसी’च्या बरोबरीने वाचावा असा हा निबंध आहे.

समकालीनांविषयीच्या तिच्या शिफारशी बहुधा परीक्षणांतून आल्या, म्हणून त्यांत दाखल्यापेक्षा छाननी अधिक दिसते. सारामागूची ‘ब्लाइंडनेस’ ही कादंबरी तिने प्रथम भिऊन खाली ठेवली. मग त्याचे आधीचे ग्रंथ वाचून लेखकावर विश्वास बसल्यावरच ती पुन्हा हाती घेतली, आणि पुढे त्याच्याइतका समकालीन कादंबरीकार तिला क्वचितच कोणी वाटला. चायना मिएव्हिलची ‘एम्बसीटाउन’ (२०११), जिच्यातील परग्रहवासी दोन मुखांनी एकाच वेळी बोलतात आणि ज्यांना असत्य बोलताच येत नाही, तिची तिने मुक्तकंठाने प्रशंसा केली. जो वॉल्टनकृत ‘अमंग अदर्स’ ही वेल्समधील पुस्तकवेड्या मुलीची कथाही तिने आवर्जून पुढे केली. स्तानिस्लाव लेमच्या बाबतीत ती केवळ शब्दांवर थांबली नाही. अमेरिकन विज्ञानकथालेखकांच्या संघटनेने लेमचे सन्माननीय सभासदत्व काढून घेतले, तेव्हा तिने निषेधार्थ आपली कथा नेब्युलाच्या स्पर्धेतून मागे घेतली. तो मान तिच्याकडेच येणार होता व अखेर आयझॅक असिमॉव्हला गेला, असे तिने पुढे लिहिले आहे. आर्जेंटिनाच्या अँजेलिका गोरोदिशेरचा ‘काल्पा इम्पेरियाल’ हा ग्रंथ तर तिने स्वतःच इंग्रजीत आणला (२००३). एका कादंबरीकाराने दुसऱ्याची याहून मोठी शिफारस कोणती करावी?

वाङ्मयाच्या मुलखात ‘साहित्य’ आणि ‘प्रकार’ अशी जी सरहद्द आखली गेली, ती तिला कधीच मान्य नव्हती. मार्गारेट अॅटवुड आपल्या कादंबऱ्यांना विज्ञानकथा म्हणू देत नाहीत, तेव्हा मलाही वास्तववादी कादंबरीचीच परिभाषा वापरणे भाग आहे, असे ‘द इयर ऑफ द फ्लड’चे (२००९) परीक्षण करताना तिने सौजन्यपूर्वक पण खोचकपणे नमूद केले. अॅटवुडने मात्र या विषयावरील आपला निबंधसंग्रह (२०११) तिलाच अर्पण केला. काझुओ इशिगुरोने ‘द बरीड जायंट’ (२०१५) या कादंबरीला वाचक अद्भुतकथा म्हणतील की काय अशी शंका बोलून दाखवताच तिचा संताप अनावर झाला. त्याने आपला पक्ष स्पष्ट केल्यावर आपण घाई केली, अशी कबुलीही तिने दिली. तो राग त्या एका लेखकापुरता नव्हता. समीक्षेने अर्धशतक चालवलेल्या पंक्तिभेदाची ती प्रतिक्रिया होती, असे मानणे न्याय्य ठरेल. नोव्हेंबर २०१४ मध्ये नॅशनल बुक फाउंडेशनचे पदक नील गेमनच्या हस्ते स्वीकारताना, दीर्घकाळ दाराबाहेर ठेवलेल्या आपल्या सहलेखकांच्या वतीनेही आपण ते घेत आहोत, असे तिने जाहीर केले.

तिची परीक्षणे व प्रस्तावना ‘वर्ड्स आर माय मॅटर’ (२०१६) या संग्रहात एकत्र मिळतात. तिच्या स्मरणार्थ २०२२ पासून कल्पनाप्रधान कथात्म साहित्यास २५,००० डॉलरचे वार्षिक पारितोषिक देण्यात येते. पहिले पारितोषिक मोंबासाच्या खदीजा अब्दल्ला बाजाबेर हिच्या ‘द हाउस ऑफ रस्ट’ या कादंबरीस मिळाले.